क्रियापद एक, काळ बारा

संध्याकाळी सात-साडेसातची वेळ. मुले वह्यापुस्तके पसरून बसलेली असतात आणि आई कुकर लावता लावता त्यांच्या अभ्यासाकडे कान देऊन असते. गणित होते, हिंदीचे शुद्धलेखन होते, परिसर अभ्यासही उरकतो. मग इंग्रजी व्याकरणाची वही उघडली जाते. पानावर बारा चौकटी आखलेल्या असतात आणि वर सूचना असते, ‘दिलेल्या क्रियापदाची बाराही काळांतील रूपे लिहा.’ नेमक्या याच ठिकाणी अनेक घरांत आईचा आवाज खाली येतो. ‘हे बाबांना विचार’ किंवा ‘उद्या ट्यूशनच्या बाईंना विचार’ असे सांगून ती पुन्हा ओट्याकडे वळते.

जबलपूरसारख्या शहरातल्या मराठी घरांत तर हा पेच तिहेरी असतो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि शाळेत इंग्रजी. आई एक तर इथेच हिंदी माध्यमातून शिकलेली असते, नाही तर नागपूर-अमरावतीकडून लग्न होऊन आलेली आणि मराठी माध्यमातून शिकलेली असते. मूल मात्र बालवर्गापासून इंग्रजी शाळेत जाते. तिसरी-चौथीपर्यंत आई निभावून नेते. पुढे एक दिवस मूल सहज म्हणून जाते, ‘आई, तू राहू दे. तुला नाही कळणार.’ त्यात उद्धटपणा नसतो, पण वाक्य मनाला लागते. व्याकरणाचा धडा तिथेच थांबत नाही. इंग्रजी ज्याला येत नाही त्याला काहीच कळत नाही, असा चुकीचा धडाही मूल त्याच वेळी शिकत असते.

वास्तविक इंग्रजीच्या नियमित क्रियापदांइतका सोपा भाग त्या भाषेत दुसरा नसेल. आणि त्यात जे खरोखर अवघड आहे, त्याची किल्ली आईच्या मराठीतच आहे. ती कशी, ते पाहू.

रूपे मोजून चार

‘कुक’ म्हणजे शिजवणे हे क्रियापद घ्या. ते नियमित क्रियापद आहे, म्हणजे त्याचा भूतकाळ शेवटी ‘ईडी’ ही अक्षरे लावून होतो. आता बारा चौकटी भरू.

साधा काळ: आय कुक, आय कुक्ड, आय विल कुक.
चालू काळ: आय ॲम कुकिंग, आय वॉज कुकिंग, आय विल बी कुकिंग.
पूर्ण काळ: आय हॅव कुक्ड, आय हॅड कुक्ड, आय विल हॅव कुक्ड.
चालू पूर्ण काळ: आय हॅव बीन कुकिंग, आय हॅड बीन कुकिंग, आय विल हॅव बीन कुकिंग.

प्रत्येक ओळीत आधी वर्तमान, मग भूत आणि शेवटी भविष्य असा क्रम आहे. बाराही चौकटी पुन्हा नीट वाचा. मूळ क्रियापदाची रूपे किती दिसतात? कुक, कुक्ड आणि कुकिंग, एवढी तीनच. तो किंवा ती असा कर्ता असला की साध्या वर्तमानकाळात ‘कुक्स’ हे चौथे रूप येते. बस्स, संपले. बाकीचे सगळे काम ‘ॲम’, ‘वॉज’, ‘हॅव’, ‘हॅड’, ‘विल’ हे मदतनीस शब्द करतात. (जुन्या पुस्तकांत ‘आय शॅल’ शिकवत. आता ‘आय विल’ सर्रास चालते, म्हणून तिथे अडून बसू नये.)

आता आपल्या भाषेकडे बघा. ‘हसणे’ या साध्या क्रियापदाचा केवळ साधा भूतकाळ घेतला तरी मी हसलो, मी हसले, तू हसलास, तू हसलीस, तो हसला, ती हसली, तुम्ही हसलात, त्या हसल्या अशी आठ वेगळी रूपे होतात. इंग्रजीत या आठांच्या जागी एकच शब्द येतो, ‘लाफ्ड’. पुरुष असो, स्त्री असो, एक असो, दहा असोत, त्यात बदल नाही.

आणखी एक गंमत. आईने भात शिजवला, भाजी शिजवली, वरण शिजवले. इथे आपले क्रियापद शिजवणाऱ्याकडे बघतच नाही. ते पातेल्यात काय आहे ते बघते आणि त्याप्रमाणे बदलते. हिंदीतही तसेच आहे, चावल पकाया आणि सब्जी पकाई. इंग्रजी क्रियापद पातेल्यातही बघत नाही. भात असो की भाजी, ‘मदर कुक्ड’.

इतका गुंतागुंतीचा हिशेब जी बाई दिवसभर न चुकता बोलते, तिने चार रूपांना घाबरावे, याला काय म्हणावे?

‘ईडी’चे तीन उच्चार

नियमित क्रियापदांत दोन गोष्टी मात्र मुद्दाम शिकाव्या लागतात, उच्चार आणि स्पेलिंग. लिहिताना शेवटी ‘ईडी’ असले तरी बोलताना त्याचे तीन उच्चार होतात. क, प, फ, स, श, च असे कठोर आवाज शेवटी असतील तर तिथे ‘ट’ ऐकू येतो. म्हणून ‘कुक्ड’ असे लिहिले तरी म्हणायचे ‘कुक्ट’. तसेच ‘हेल्प्ट’, ‘लाफ्ट’, ‘वॉश्ट’. शेवटी मृदू आवाज किंवा स्वर असेल तर ‘ड’ येतो: ‘प्लेड’, ‘कॉल्ड’, ‘लिव्ह्ड’. आणि शेवटी मुळातच ट किंवा ड असेल तर ‘इड’ येतो: ‘वॉन्टिड’, ‘नीडिड’, ‘व्हिजिटिड’. हे नियम पाठ करायचे कारण नाही. मुलाला दहा शब्द मोठ्याने म्हणायला लावा, जीभ आपोआप योग्य वाट धरते.

स्पेलिंगच्या खुणाही थोड्याच आहेत. ‘लिव्ह’सारख्या शब्दाच्या शेवटी ई असेल तर फक्त डी लावायचा. ‘क्राय’सारख्या शब्दात शेवटच्या वायचा आय होतो. पण त्या वायच्या आधी स्वर असेल, जसे ‘प्ले’मध्ये, तर वाय तसाच राहतो. आणि ‘स्टॉप’सारख्या छोट्या शब्दाचे शेवटचे अक्षर दोनदा लिहायचे.

चुकणारे मूल शिकत असते

मुलाने ‘गो’चा भूतकाळ ‘गोड’ असा लिहिला की आपण कपाळावर हात मारतो. पण ही चूक म्हणजे शिकल्याची खूण आहे. ‘ईडी’ लावला की भूतकाळ होतो हा नियम त्याला गवसला आहे. ‘गो’ नियमित नाही, एवढेच त्याला अजून ठाऊक नाही.

जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने १९५८ मध्ये चार ते सात वर्षांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. तिने मुलांना चित्रे दाखवली आणि अस्तित्वातच नसलेले शब्द सांगितले. ‘या माणसाला रिक करता येते. कालही त्याने तेच केले. काल त्याने काय केले?’ अशा धर्तीचा प्रश्न होता. ‘रिक’ हा शब्द कोणी कधी ऐकलेला असणे शक्यच नव्हते. तरी बहुतेक मुलांनी ‘रिक्ट’ असे बरोबर उत्तर दिले. म्हणजे मुले रूपे पाठ करत नाहीत, नियम उचलतात. आणि गंमत म्हणजे ज्या बनावट शब्दांच्या शेवटी ट किंवा ड होता, तिथे ती इंग्रजी मातृभाषा असलेली मुलेही अडखळली.

आपल्या घरात हेच घडताना आपण ऐकलेले असते. लहान मूल ‘मी केले’ऐवजी ‘मी करले’ म्हणते, ‘तो गेला’ऐवजी ‘तो जाला’ म्हणते. ‘बसला’, ‘हसला’, ‘उठला’ ऐकून त्याने ‘जाला’ बनवलेला असतो. तेव्हा आपण त्याला रागावत नाही, कौतुकाने हसतो आणि बरोबर शब्द पुन्हा म्हणून दाखवतो. इंग्रजीच्या वहीवर तेवढाच धीर का दाखवू नये?

‘आलेच हं!’ हा कोणता काळ?

रूपे सोपी असतील तर मुलांचे गुण जातात कुठे? ते अर्थात जातात. कोणते रूप केव्हा वापरायचे, हे चौकटी भरून कळत नाही.

दारावर बेल वाजते आणि स्वयंपाकघरातून आई ओरडते, ‘आलेच हं!’ रूप भूतकाळाचे आहे, पण आई अजून जागची हललेलीही नाही. पाहुण्या निरोप घेताना म्हणतात, ‘येते मी.’ रूप वर्तमानाचे आहे, अर्थ मात्र जाण्याचा. हिंदी शेजारीणही ‘अभी आई’ असेच म्हणते. याचा अर्थ व्याकरणातला काळ आणि घड्याळातला काळ नेहमी एक नसतो. प्रत्येक भाषा आपल्या सोयीने रूपे वापरते. ‘आलेच’चे शब्दशः भाषांतर करून मुलाने ‘आय केम’ म्हटले तर ऐकणाऱ्याला वाटेल, हा केव्हाच येऊन गेला. म्हणून शब्दाला शब्द ठेवायचा नाही. आधी अर्थ पकडायचा, मग रूप निवडायचे. आणि अर्थ समजावून द्यायला आईसारखी शिक्षिका नाही.

‘मी भाजी शिजवली आहे’ असे आई म्हणते तेव्हा तिच्या मनात काय असते? भाजी तयार आहे, आता जेवायला या. हाच इंग्रजीचा पूर्ण वर्तमानकाळ, ‘आय हॅव कुक्ड’. काम झाले, पण त्याचा परिणाम आत्ता समोर आहे. ‘काल मी भाजी शिजवली’ म्हटले की ती गोष्ट कालच संपली, म्हणून ‘आय कुक्ड यस्टरडे’. आणि ‘पाहुणे आले तेव्हा मी भाजी शिजवली होती’ म्हणजे दोन झालेल्या गोष्टींपैकी आधीची, म्हणून ‘आय हॅड कुक्ड’. तीन वाक्यांत तीन काळ समजतात आणि फळ्याची गरज लागत नाही.

‘करून राहिली’ची लाज कशाला?

नागपूरकडच्या आणि जबलपूरच्या कितीतरी मराठी घरांत ‘आई काय करून राहिली?’ असे विचारतात. ‘भाजी शिजवून राहिली’ असे उत्तर येते. पुण्याकडचे नातेवाईक हे ऐकून हसतात आणि आपल्याकडच्या सुना ओशाळून बोलणे बदलतात. प्रमाण मराठीत ‘शिजवते आहे’ म्हणतात हे खरे. पण इंग्रजीचा चालू काळ शिकवायला आपली बोलीच अधिक कामाची आहे. ‘शिजवून राहिली आहे’ म्हणजे ‘इज कुकिंग’. ‘शिजवून राहिली होती’ म्हणजे ‘वॉज कुकिंग’. ‘सकाळपासून शिजवून राहिली आहे’ म्हणजे ‘हॅज बीन कुकिंग’. क्रिया चालू आहे हे आपले ‘राहिली’ जितके स्पष्ट सांगते, तितके दुसरे रूप क्वचितच सांगत असेल.

तीन हमखास चुका

आपली मराठी जशी मदत करते, तशी कधी कधी फसवतेही. तीन ठिकाणे लक्षात ठेवावीत.

पहिली चूक ‘होते’ची. ‘गेल्या रविवारी आम्ही भेडाघाटला गेलो होतो’ असे आपण सहज म्हणतो. त्यावरून मूल लिहिते, ‘वुई हॅड व्हिजिटेड भेडाघाट लास्ट संडे’. इथे ‘हॅड’ नको. एकच गोष्ट सांगायची असेल तर ‘वुई व्हिजिटेड’ पुरे. दुसरी एखादी घटना तिच्यानंतर घडलेली सांगायची असेल तरच ‘हॅड’ला काम मिळते. गाडी आली तेव्हा आम्ही स्टेशनवर पोहोचलो होतो, म्हणून ‘वुई हॅड रीच्ड’.

दुसरी चूक चालू काळाची. हवे असणे, आवडणे, गरज असणे या क्रिया नव्हेत, मनाच्या स्थिती आहेत. त्यांना इंग्रजीत सहसा ‘आयएनजी’ लावत नाहीत. ‘आय ॲम वॉन्टिंग अ पेन’ नव्हे, ‘आय वॉन्ट अ पेन’.

तिसरी चूक ‘पासून’ची, आणि ती आपल्यासारख्या घराबाहेर घर केलेल्यांना जवळची आहे. ‘मी वीस वर्षांपासून जबलपूरला राहते’ या वाक्यात आपण वर्तमानकाळ वापरतो. त्यावरून ‘आय ॲम लिव्हिंग इन जबलपूर सिन्स ट्वेंटी इयर्स’ असे तयार होते. इंग्रजी अशा वेळी पूर्ण वर्तमानकाळ मागते: ‘आय हॅव लिव्ह्ड इन जबलपूर फॉर ट्वेंटी इयर्स’. मुदत सांगायची तर ‘फॉर’, सुरुवात सांगायची तर ‘सिन्स’.

मातृभाषेतून शिकणे कमीपणाचे नाही

काही शाळा सांगतात की घरीही इंग्रजीच बोला, मातृभाषा मध्ये आणू नका. पण मातृभाषेच्या आधाराने दुसरी भाषा समजून घेण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये निघाले, तेव्हा त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. पुढे तर्खडकरी भाषांतर पाठमालेने मराठी वाक्यांचे इंग्रजी आणि इंग्रजी वाक्यांचे मराठी करवून घेत पिढ्यान्‌पिढ्या मुलांना इंग्रजी शिकवले. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चे.

आणि जबलपूरकरांनी तर अभिमानाने सांगावे असे नाव आहे, पंडित कामताप्रसाद गुरू. सागरला जन्मलेले आणि जबलपूरला स्थायिक झालेले हे शिक्षक. त्यांचे ‘हिंदी व्याकरण’ काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने १९२० मध्ये प्रसिद्ध केले आणि आजही तो ग्रंथ प्रमाण मानला जातो. आपण बहुतांशी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर लिहिले, हे त्यांनी भूमिकेत मोकळेपणाने सांगितले. दामल्यांच्या मराठी व्याकरणाचाही त्यांनी आधार घेतला. हिंदीचा एवढा मोठा वैयाकरण मराठी आणि इंग्रजी दोन्हीकडून घेतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. मग इंग्रजी वहीपुढे बसलेल्या आईने आपली मराठी पदराआड का लपवावी?

घरी काय करावे

एक. रोज एकच नियमित क्रियापद घ्या आणि ते घरातल्या कामातले असू द्या: कुक, वॉश, क्लीन, हेल्प, प्ले, कॉल. बारा चौकटी भरायला पाच मिनिटे पुरतात.

दोन. चौकटी भरून झाल्यावर त्यांतली तीनच रूपे निवडा आणि मुलाकडून त्या दिवशी घडलेल्या खऱ्या गोष्टींची वाक्ये करवून घ्या. ‘आय हॅव वॉश्ड माय सॉक्स’ असे लिहिले असेल तर मोजे खरोखर धुतलेले दिसले पाहिजेत. काळही कळतो आणि मोजेही धुऊन होतात.

तीन. वाक्य चुकले तर आधी विचारा, ‘तुला काय म्हणायचे आहे ते मराठीत सांग.’ मराठीत अर्थ स्पष्ट झाला की अर्धी चूक तिथेच सुटते.

चार. आईला एखादे रूप येत नसेल तर तिने मुलाकडून ते समजून घ्यावे. दुसऱ्याला शिकवताना मुलाचा अभ्यास पक्का होतो. मात्र ‘तुला नाही कळणार’ हे वाक्य घरात चालू देऊ नये. ते आईने नव्हे, वडिलांनी थांबवावे.

पाच. मोबाइल आता वाक्याचे भाषांतर क्षणात करून देतो. त्याचा उपयोग उत्तर उतरवण्यासाठी नव्हे, उत्तर ताडून पाहण्यासाठी करावा.

‘राहिलो’ की ‘राहत आलो’?

एक क्रियापद मुद्दाम शेवटी ठेवले आहे, ‘लिव्ह’ म्हणजे राहणे. तेही नियमितच.

सागरच्या मराठ्यांनी १७८१ मध्ये हा मुलूख घेतला. पुढे तो नागपूरच्या भोसल्यांकडे गेला आणि १८१७ मध्ये इंग्रजांच्या हाती आला. त्यानंतर कोणी रेल्वेच्या, कोणी कोर्टकचेरीच्या, कोणी शाळेच्या, तर कोणी १९०४ मध्ये उभ्या राहिलेल्या तोफगाडी कारखान्याच्या निमित्ताने इथे येत राहिले. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात सरकारी कामकाजात हिंदीबरोबर मराठीलाही स्थान होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. सीमा सरकली, पण कितीतरी मराठी घरे जागची हलली नाहीत.

अशा घरातल्या मुलाला आजीजवळ बसवा. पणजोबा कुठून आले, कधी आले, काय करत होते, ते विचारायला सांगा आणि मग दोन वाक्ये इंग्रजीत लिहून घ्या. ‘माय ग्रेट-ग्रँडफादर लिव्ह्ड इन जबलपूर.’ पणजोबा इथे राहिले. ते आज नाहीत, गोष्ट संपली, म्हणून साधा भूतकाळ. ‘वुई हॅव लिव्ह्ड इन जबलपूर फॉर फोर जनरेशन्स.’ आम्ही चार पिढ्या इथे राहत आलो आहोत. गोष्ट जुनी आहे, पण संपलेली नाही.

दोन्ही वाक्यांत क्रियापद तेच आहे, ‘ईडी’ही तोच. फरक फक्त ‘हॅव’ या एका छोट्या शब्दाचा. तो तिथे का हवा, हे मुलाला घरातच कळेल. शाळा फार तर गुण देईल.